अस्वलासाठी निवडलेली गोळी

पाचशे किलोचं पांढरं अस्वल तुमच्यापासून तीस पावलांवर उभं आहे, रायफल तंबूत राहिली आहे आणि कमरेला फक्त एक पिस्तूल आहे. सांगा बरं, सकाळी त्यात कुठली गोळी भरली होती तुम्ही?

नाही ना सांगता येत? मग निदान हसू तरी नका. आइंडहोवनच्या आपल्या मंडळींनी विशाखा निकमला ह्या एका प्रश्नावरून वर्षभर हसून घेतलंय. गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय विशाखाताई, डब्यात मोदक आहेत की काडतुसं?" आणि ती म्हणायची, "रांगेत मधे घुसून बघ, कळेल."

विशाखा मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या, म्हणजे विनयच्या नोकरीमागोमाग डिपेंडंट व्हिसावर आइंडहोवनला लागून असलेल्या फेल्डहोवनला आली, त्याला आता बारा वर्षं झाली. विनय चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. पहिली काही वर्षं ही फक्त 'विनयची बायको' होती. नगरपालिकेच्या कागदावर, शाळेच्या फाटकाशी, मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळीकडे. डिग्रीचा कागद मान्य करून घ्यायला दोन वर्षं, भाषेची परीक्षा द्यायला एक. पण तिच्याकडे एक गोष्ट अशी होती जी कुणाकडून मान्य करून घ्यायची गरज नव्हती. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात तिने पॉइंट टू टू रायफलने असा नेम धरला होता की सुभेदारसाहेबांनी टार्गेटचा कागद दोनदा उलटून पाहिला होता.

एकदा सायकलवरून जाताना तिला झाडीत नेमबाजी क्लबची पाटी दिसली. सायकल लावून आत गेली. दारात योस उभा होता. योस म्हणजे ब्रेडाच्या एका गोदामातून तीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, बोलायला खडूस माणूस. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, "योगा पलीकडच्या इमारतीत आहे." तिने तुटक्या डचमध्ये सांगितलं, "योगा मला येतो. तुला येतो का?" तेव्हापासून सात वर्षं, दर गुरुवारी, ती त्याच्या शेजारच्या लेनमध्ये उभी राहिली. डच भाषा ती वर्गात शिकली नाही. योसच्या शिव्यांतून शिकली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ह्या देशात स्वतःच्या संरक्षणासाठी कुणाला बंदूक मिळत नाही. खेळासाठी मिळते, शिकारीसाठी मिळते, तीही पोलिसांनी तुमची सात पिढ्यांची चौकशी केल्यावर. विशाखा इतकी वर्षं क्लबच्या शस्त्रांवर खेळत होती. स्वतःचा परवाना तिने कधी मागितला नव्हता. मागायचं कारणच नव्हतं.

कारण आणलं मृणालिनीने.

मृणालिनी ही विशाखाची इथली पहिली मैत्रीण. दोघी एकाच इमारतीत वरखाली राहायच्या. पुढे मृणालिनीला लायडनच्या सायन्स पार्कात संशोधनाची नोकरी लागली आणि ती नवऱ्याला, अपूर्वला घेऊन तिकडे गेली. गेल्या शरदात ती आली आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली, "विशू, जुलैत आम्ही नऊ जण ग्रीनलँडला चाललोय. पूर्व किनारा. गोठलेल्या मातीतले जिवाणू. पाच आठवडे तंबूत. तिथे अस्वलं असतात आणि पहाऱ्याला माणूस लागतो. तू चल."

"मी?"

"मग कोण? तू उभी असलीस तर मी निवांत माती खणीन."

विशाखाने हातातली कणीक तशीच ठेवली. बारा वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच तिला तिच्या कामासाठी बोलावत होतं. विनय बाहेरून ओरडला, "तिच्या हातात लाटणं असतं तेव्हाच मी घाबरतो. अस्वलाचं काय व्हायचं!"

मृणालिनीच्या संस्थेच्या दोन अटी होत्या. शस्त्र तिकडेच भाड्याने मिळणार, पण कुठलं मागवायचं ते पहारेकऱ्याने अभ्यास करून ठरवायचं. आणि पहारेकऱ्याकडे तो राहतो त्या देशाचा, स्वतःच्या नावाचा परवाना पाहिजे. नुसतं क्लबचं कार्ड चालणार नाही.

विशाखा कामाला लागली. दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर तिने लिहिलं: अस्वल मारायला चाललेलो नाही. मग क्रम लिहिला. आधी माणसांनी एकत्र उभं राहून आवाज करायचा. मग फटाक्याची गोळी, जी हवेत फुटते. मग रायफल. आणि रायफल हाताशी नसेल, एखादी बाई गुडघ्यावर बसून माती भरत असेल आणि पाठीमागे काही हललं, तर मग कमरेचं पिस्तूल. तेवढ्या एका क्षणासाठी.

योस म्हणाला, रिव्हॉल्व्हर घे, मोठ्या गोळीचं. दणका मोठा. विशाखाने क्लबात एकाचं घेऊन सहा गोळ्या झाडल्या. पहिली टार्गेटला, दुसरी भिंतीला, बाकीच्या कुठे गेल्या ते देवाला ठाऊक. मनगट आठवडाभर शेकत होती. "दणका अस्वलाला द्यायचाय, मला नाही," ती म्हणाली. मग सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे दर वेळी घोडा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चढते. नऊ मिलिमीटरचं हाताला गोड, पण एवढ्या जनावरापुढे कमी. दहा मिलिमीटरचं तिला पटलं. पंधरा गोळ्या, झटका सोसवेल इतका, आणि घोड्याभोवतीची कडी एवढी मोठी की हातमोज्यातलं बोट आत जातं. योसकडे एक होतं. तो शेजारी उभा राहायचा आणि ती झाडायची. डावा हात, उजवा हात, गुडघ्यावर बसून, मातीची पिशवी हातात धरून, ती टाकून.

गोळीचा प्रश्न त्याहून अवघड होता. दुकानदार 'संरक्षणासाठी' म्हणून जी गोळी दाखवतात तिचं टोक पोकळ असतं. अंगात शिरली की ती फुलासारखी उमलते आणि तिथेच थांबते. माणसासाठी ठीक. अस्वलाला वीतभर चरबी आणि खाली खांद्याचं हाड. तिथे उमलून थांबलेली गोळी म्हणजे चिडलेलं अस्वल. त्याला पाहिजे टणक शिशाची, जड, सपाट नाकाची गोळी, जी न उमलता सरळ आत जात राहते. असल्या गोळ्या दोन कंपन्यांच्या मिळत होत्या. एक निळ्या खोक्यात, एक पिवळ्या. कागदावर दोन्ही सारख्याच. विशाखाने जानेवारीत वहीत लिहिलं: निळी, कारण ती तिकडे लगेच मिळते.

त्याच जानेवारीत तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. लायडनहून मृणालिनी आली, बाडहूव्हडॉर्पहून दुसरी मैत्रीण चित्रा आली. तिळगूळ देऊन झाला, वाण देऊन झालं आणि मृणालिनी म्हणाली, "ती वही दाखव ना. संस्थेला कळवायचंय तू किती तयारी केलीयस." पानन्‌पान तिने मोबाइलवर टिपून घेतलं. विशाखा शेजारी उभी राहून पानं उलटून देत होती. स्वतःच्या हाताने. गोड बोलायचा सण होता ना!

फेब्रुवारीत विशाखाला एक शंका आली. पिस्तुलाच्या आतलं तेल थंडीत घट्ट होतं. मग पुढची गोळी वेळेवर चढेल का? उत्तर मिळवायला थंडी पाहिजे आणि इथे ब्राबांट प्रांतात नुसता पाऊस. क्लबच्या कॅन्टीनमध्ये एक आडवा फ्रीझर होता, बटाट्याच्या फ्राइज आणि तळायच्या क्रोकेटच्या पिशव्यांनी भरलेला. अध्यक्षांची परवानगी काढून योसचं रिकामं पिस्तूल पिशवीत गुंडाळून तीन तास त्यात ठेवलं. योस झाकणावर बसून राहिला. "लिहून ठेव," तो म्हणाला, "क्रोकेटवर ह्याचा काही परिणाम झाला तर भरपाई तू द्यायची."

गार पिस्तुलातून निळ्या खोक्यातली चौथी गोळी अडकली. अकरावी अडकली. तिचं सपाट नाक आत चढताना कडेला आपटत होतं. पिवळ्या खोक्यातल्या गोळीच्या नाकाची कड जराशी गोल होती. त्या दोनशे झाडल्या, एकही अडकली नाही. तेल पुसून कोरडं वंगण लावल्यावर तर यंत्र लोण्यासारखं चाललं. विशाखाने वहीत निळीवर काट मारली आणि खाली तीन रेघा ओढून लिहिलं: पिवळी.

आता परवान्याकडे येऊ. अर्ज तिने नोव्हेंबरातच भरला होता. तीन माणसांची नावं द्यायची होती जी तुम्हाला ओळखतात आणि ज्यांना पोलीस विचारणार. तिने योस, चित्रा आणि मृणालिनी अशी तीन नावं दिली. आणि मग एक प्रश्न आला: गेल्या काही वर्षांत मानसिक त्रासासाठी उपचार घेतले आहेत का?

घेतले होते. सात वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात तिचं दुसरं बाळ गेलं. ती तीन महिने गोळ्यांवर होती आणि एका समुपदेशक बाईकडे बोलायला जायची. मंडळात कुणाला माहीत नव्हतं. माहीत होतं दोघांना, विनयला आणि मृणालिनीला. मृणालिनी वरच्या मजल्यावरून रोज मऊ भात घेऊन यायची आणि घास भरवायची. हे खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. म्हणून तर पुढचं इतकं लागलं.

अर्ज समोर ठेवून विशाखाने तिला फोन केला. "लिहू ना गं?"

"वेडी आहेस का? असलं काही लिहायचं नसतं."

"पण ते विचारतायत."

"विचारू देत. कुणाला कळणारे? उगाच वेडी ठरशील. 'नाही'वर खूण कर आणि सोडून दे."

विशाखाने 'नाही'वर खूण केली. ही चूक तिची, आणि ती तिने पुढे कधी दुसऱ्या कुणाच्या माथी मारली नाही. पण खरं सांगा, आपल्यातल्या कितीजणांनी हीच खूण केली असती? बीपी लिहू, शुगर लिहू, गुडघे तर फुशारकीने लिहू. मनाचं दुखणं आलं की पेन थांबतं.

मार्चमध्ये पोलिसांनी तिघांना फोन केले. एप्रिलमध्ये पत्र आलं. परवाना नाकारण्याचा विचार आहे, दोन आठवड्यांत तुमचं म्हणणं मांडा. खाली कारण लिहिलं होतं: अर्जदाराने सात वर्षांपूर्वी गर्भ गेल्यानंतर औषधोपचार घेतले, ही माहिती लपवली. रागाच्या भरात घरात भांडी फेकल्याचंही कळतं. ही माहिती एका परिचित व्यक्तीने, विचारलं नसताना, स्वतःहून दिली.

नाव नव्हतं. नावाची गरज होती?

विशाखाने पत्र दोनदा वाचलं. विनय म्हणाला, "थांब, काहीतरी गैरसमज असेल." मृणालिनीला सात वेळा फोन केला, सातही वेळा उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ लायडनच्या गाडीत बसली.

सायन्स पार्कातल्या त्या काचेच्या इमारतीत मृणालिनी तिला बघून उभीच राहिली. "अगं, फोन करून यायचंस ना."

"केला होता. मोज किती ते."

"कामात होते गं. बस ना. चहा घेतेस?"

"चहा नको. पोलिसांना काय सांगितलंस?"

मृणालिनीने दार लावून घेतलं. "हे बघ विशू, त्या पोलीस बाईने थेट विचारलं, औषधं घेत होती का म्हणून. मी काय खोटं बोलू? माझा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज चाललाय. सरकारशी खोटं बोलून मी..."

विशाखाने पर्समधून पत्र काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "तुझं डच माझ्याहून चांगलं आहे. वाच. 'विचारलं नसताना, स्वतःहून.' मोठ्याने वाच."

मृणालिनीने वाचलं नाही.

"आणि मी खरं लिहीत होते तेव्हा 'नाही'वर खूण कर म्हणून कुणी सांगितलं? आधी मला खोटं लिहायला लावलंस आणि मग ते खोटं आहे हे सांगायला तूच गेलीस. का?"

मृणालिनी म्हणाली, "नोव्हेंबरात मी मनापासूनच सांगितलं होतं गं. शपथ. नंतर अपूर्व म्हणाला त्यालाही यायचंय. जागा दहा, नऊ आम्ही, उरली एक. त्याने जर्मनीत तीन दिवसांचा कोर्स केला, तिथला कागद संस्थेने चालवून घेतला. तू एवढी तयारी केली होतीस. मी तुला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते?"

"म्हणून पोलिसांच्या तोंडून म्हणवलंस."

"मला वाटलं, परवानाच नाही मिळाला तर तुला वाईट वाटेल, पण आपल्यात काही येणार नाही."

तुम्हाला वाटेल विशाखाने टेबलावरचं काहीतरी उचलून फेकलं असेल. नाही. ती हसली. केसाने गळा कापायचा, आणि वर मैत्री टिकावी म्हणून कापला म्हणायचं! तिच्या बाळाचं जाणं, जे तिने आईलासुद्धा पूर्ण सांगितलं नव्हतं, ते ह्या बाईने एका जागेसाठी सरकारी कागदावर नेऊन ठेवलं होतं. गोळ्यांचं कळलं ह्याचं तिला दुःख नव्हतं. मऊ भाताचे ते घास आता तिला आठवतानाही कडू लागणार होते.

जायला वळली तेव्हा तिला भिंतीवरचा पांढरा फळा दिसला. मोहिमेचं सामान. तंबू, स्टोव्ह, दोर. आणि पहारेकरी: अपूर्व. त्याखाली तिच्याच वहीतले शब्द तिच्याच क्रमाने. दहा मिलिमीटर, सेमी-ऑटोमॅटिक. टणक शिसं, सपाट नाक, जड. निळं खोकं.

निळं. कारण वही टिपली गेली जानेवारीत आणि फ्रीझर आला फेब्रुवारीत.

विशाखा बाहेर पडली. लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. ती आत गेली नाही. एकच विचार मनात आला, आणि तो चांगला नव्हता: अडकू दे. चौथी अडकू दे, अकरावी अडकू दे. वही चोरायला येते, तर पुढचं पानही स्वतःच लिहा म्हणावं. लिफ्टचं दार आपोआप मिटलं. मग तिला ती दुसरी माणसं आठवली, ज्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती. कुणी पीएचडीची पोरगी असेल, कुणी स्वयंपाकी. त्यांनी हिचं काय घोडं मारलं होतं?

ती परत आली. मृणालिनी टेबलापाशी रडत बसली होती. "विशू..." म्हणत ती उठली.

"बस खाली. तुझ्यासाठी नाही आले." विशाखाने मार्कर घेतला, निळ्यावर काट मारली आणि लिहिलं: पिवळं खोकं. जाण्याआधी तेल पूर्ण पुसणे, कोरडं वंगण. प्रत्येक खोक्यातल्या थोड्या गोळ्या तिथे, त्या थंडीत, झाडून बघणे. "निळी गार पिस्तुलात अडकते. दोनदा अडकली. अपूर्वला सांग, तीन दिवसांच्या कोर्सात हे शिकवत नाहीत."

"तू रागावली नाहीस?"

"इतकी रागावलेय की आता तुझ्याशी भांडायचीसुद्धा इच्छा नाही." एवढं म्हणून तिने मार्करला टोपण लावलं आणि गेली.

पोलिसांना तिने स्वतःच्या हाताने दोन पानं लिहून दिली. बाळ गेलं, गोळ्या घेतल्या, बरी झाले, आणि अर्जावर खोटं लिहिलं. कुणी सांगितलं ते लिहिलं नाही, कारण पेन तिच्याच हातात होतं. परवाना नाकारला गेला. काही काळाने पुन्हा अर्ज करता येईल म्हणाले, ह्या वेळी खरा.

सगळ्यांत वाईट गुरुवार क्लबातला. कमिटीने तिला तूर्त लेनवर उभं राहायला मनाई केली. योस बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याचंही नाव होतं त्या तिघांत. त्याने पोलिसांना ठणकावून सांगितलं होतं की ही बाई आरशासारखी स्वच्छ आहे.

"सात वर्षं," तो म्हणाला, "माझ्या शेजारी उभी राहिलीस. गोळ्या घेतल्यास त्याचं मला काय? माझी बायको गेली तेव्हा मीही घेतल्या. अर्जावर लिहिल्या, परवाना मिळाला. पण तू मला न सांगता माझ्या नावावर खोटं ठेवलंस."

लायडनमध्ये विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. इथे आलं. जो घाव तिला बसला होता, तोच, लहान का होईना, तिने दुसऱ्याला दिला होता. "माफ कर, योस," ती म्हणाली. तो उठून आत गेला. अजून तो तिच्याशी धड बोलत नाही. तरी दर गुरुवारी ती जाते आणि बाकावर बसते.

जुलैत ते लोक गेले, ऑगस्टमध्ये परत आले. सगळे धडधाकट. मृणालिनीने मंडळाच्या ग्रुपवर बर्फातले फोटो टाकले. अपूर्वच्या कमरेला पिस्तूल. खाली त्रेपन्न लोकांनी टाळ्या दिल्या. विशाखाने फोटो मोठा करून बघितला. खोकं कुठलं ते दिसत नव्हतं. कुणीही तिचं नाव घेतलं नव्हतं.

मंडळात आता दबक्या आवाजात बोलतात: बंदुकीची हौस, शिवाय डोक्याचाही काहीतरी प्रॉब्लेम होता म्हणे. हे 'म्हणे' कुठून आलं ते मी सांगायची गरज नाही. हे वाचणाऱ्यांतले काही त्या ग्रुपवर आहेत, टाळ्या देणाऱ्यांतही आहेत.

तुमच्याकडे आज ना उद्या कुणीतरी येईल. घरासाठी, नोकरीसाठी, परवान्यासाठी, मूल दत्तक घ्यायला, आणि म्हणेल, तुझं नाव देऊ का? मनात नसेल, भीती वाटत असेल, तुमचा स्वतःचा काही स्वार्थ मधे येत असेल, तर एवढंच करा: तिथल्या तिथे, तिच्या डोळ्यांत बघून, नाही म्हणा.